केरबा आणि वहीत नसलेली बायको

शपथेवर सांगतो, या गोष्टीतलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे त्या दिवशी मी तापानं घरी पडून होतो, पण पाहिलंय.

आंबेगणी नावाच्या गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस होता. सांगितलेलं काही विसरायचा नाही. हीच तर खरी अडचण होती.

केरबाच्या बायकोचं नाव आनशी. डोंगरावरच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन एकदा झाडावरचं शेकरू बघायचं, एवढीच तिची हौस. लग्नाला बारा वर्षं झाली, पण घरची म्हैस तिच्याशिवाय कुणाला हात लावू देईना. यंदा शेजारची तानुबाई म्हणाली, "एक दिवस काढीन मी धार. दुसऱ्या दिवशी लाथ खायची माझी तयारी नाही."

म्हणजे दिवस मिळाला एकच.

आनशीनं केरबाला आधी चौकशीला धाडलं. फाटकावर खोतसाहेब नावाचे गार्ड होते. ते म्हणाले, "जंगलात काही मोठं समोर आलं, तर जागच्या जागी उभं राहायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. आणि वानरं फार आहेत. खाणं कपड्यांत लपवायचं."

केरबानं सगळं पाठ केलं आणि एसटीच्या थांब्यावर आला. एसटी आली. चांगलीच मोठी होती. केरबा जागच्या जागी उभा राहिला. हलला नाही, बोलला नाही. एसटी गेली.

केरबा तीन कोस चालत घरी आला.

आनशी म्हणाली, "अहो, असं कुठं असतं का? समोरून येताना दिसली की हात दाखवायचा, पुढं पळायचं आणि मोठ्यानं गावाचं नाव घ्यायचं!"

"चुकलं. पुढच्या खेपेला पळीन."

ठरलेल्या दिवशी दोघं फाटकावर पोचली. खोतसाहेबांनी विचारलं, "पिशवीत काय आहे?"

केरबानं पिशवी सदऱ्यात कोंबली आणि वर हाताची घडी घातली.

"अहो, मी काय वानर आहे? लपवता काय? सगळं बाहेर काढा, ओळीनं मांडा, एकेक मोजून दाखवा."

"चुकलं. पुढच्या खेपेला मांडीन."

खोतसाहेबांनी वहीत लिहिलं: प्लास्टिकच्या बाटल्या तीन, चिवड्याची पुडी एक, पिशवी एक. मग बोट रोखून म्हणाले, "वहीत आहे ते सगळं पाचच्या आत बाहेर आलं पाहिजे. वहीत नाही ते झाडाचं पानसुद्धा बाहेर आणायचं नाही. कळलं?"

"पाठ झालं," केरबा म्हणाला.

दोघं आत गेली. थोड्या वेळानं वानरं आली. केरबानं लगेच पिशवी उघडली, सगळं ओळीनं मांडलं आणि मोजू लागला, "भाकऱ्या सहा. कांदे दोन." वानरांनी सहाही भाकऱ्या नेल्या. कांदे तपासून परत ठेवले. चिवडा तिथंच फस्त केला आणि पुडी टाकून गेली.

"माणसं शिस्तीची," केरबा म्हणाला.

आनशीचं तिकडं लक्षच नव्हतं. वर फांदी हलली होती. पानांतून तांबूस, झुपकेदार शेपटी लोंबत होती. आनशीनं श्वास रोखला. शेकरू अजून जरा खाली आलं असतं, तर तोंड दिसलं असतं.

तेवढ्यात समोरून गवा आला.

केरबानं हात दाखवला, पुढं पळाला आणि ओरडला, "आंबेगणी! आंबेगणी! दोन माणसं!"

गव्यानं एकदा वळून पाहिलं आणि निघून गेला. शेपटीही गेली.

आनशी झाडाच्या बुंध्याला टेकून मटकन बसली. तोंडाला पदर लावून म्हणाली, "बारा वर्षांनी एक दिवस मिळाला होता हो."

केरबाला फार वाईट वाटलं. आता तरी एकही चूक करायची नाही, असं त्यानं ठरवलं. साडेचार वाजले होते. बाटल्या गोळा केल्या, तीन. पुडी उचलली, एक. पिशवी, एक. मग त्यानं आनशीकडं पाहिलं. पुष्कळ विचार केला.

आनशी वहीत नव्हती.

फाटकावर खोतसाहेबांनी मोजलं आणि केरबाची पाठ थोपटली. "शाबास! एवढा चोख माणूस पाहिला नाही मी. बाई कुठायत?"

"आतच ठेवली. पान आणायचं नाही म्हणालात, ही तर अख्खी बाई."

खोतसाहेब खुर्चीतून उठलेच. "अरे देवा! माणसं मोजायची रे आधी! दोन माणसं आत गेली, तर फाटकावर दोन माणसं नकोत का?"

केरबानं स्वतःवर बोट ठेवलं, "एक." खोतसाहेबांच्या छातीवर ठेवलं, "दोन." आणि निवांत बाकावर बसला.

खोतसाहेब काठी घेऊन पळणार, तोच वाटेनं आनशी येताना दिसली. एकटीच हसत होती. केरबा गेल्यावर रान असं गप्प झालं, की शेकरू खाली उतरलं आणि हातभर अंतरावर बसून फळ खात राहिलं. मिशा मोजता येतील इतकं जवळ.

खोतसाहेब हात जोडून म्हणाले, "चुकलं बाई. पुढच्या खेपेला तुमचं नाव सगळ्यांत वर लिहितो."

"नको हो साहेब," आनशी म्हणाली, "पुढच्या खेपेलाही मला वहीत घेऊ नका."

आता शपथ घेतलीच आहे, तर कबूल करतो. यातली एक गोष्ट मी पदरची घातली. गव्यानं वळून पाहिलं नव्हतं. आमच्याकडची एसटी तरी कुठं पाहते?