वेशीवरचा भाकरतुकडा

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. डोंगराच्या कुशीत गुराख्यांचं एक गाव होतं. रानात चुकलेली गाय परत आली की सगळं गाव वेशीवर धावायचं. तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचं, तिला पाणी पाजायचं. इतके दिवस कुठे होतीस, असं गाईला कोण विचारणार?

याच गावातली एक मुलगी दोन वर्षांपूर्वी एका गोडबोल्या पाहुण्याच्या गाडीत बसून गेली होती. राणीच्या महालात शिवणकाम मिळेल, असं तो म्हणाला होता. कसला महाल आणि कसली राणी! त्या मेल्याने तिला परमुलखात विकलं. तिथल्या दाराला कडी होती, पण बाहेरून.

एके दिवशी ती तिथून निसटली. महिनाभर चालून भर दुपारी गावाच्या वेशीशी पोचली आणि थबकली. तीच गाडी समोर उभी होती. आत गावातल्या तीन मुली नटूनथटून बसल्या होत्या. त्यांना निरोप द्यायला त्यांच्या आया आणि गावातले लोक जमले होते.

गप्प राहिली, तर तिला मागच्या वाटेने गुपचूप घरी जाता येणार होतं. बोलली तर सगळं चव्हाट्यावर येणार होतं. तेवढ्यात गाडीतली धाकटी तिला ओळखून हसली. मग मात्र मुलीने मागचापुढचा विचार केला नाही. ती बैलांपुढे जाऊन उभी राहिली.

"उतरा खाली! यानेच मला विकलं होतं."

पाहुणा हसला. "हिचं काय ऐकता? चोरी करून पळालीय ही."

लोकांत कुजबुज सुरू झाली. एक म्हातारा म्हणाला, "दोन वर्षं कुठे होती कुणास ठाऊक! हिला गावात घेतलं तर आपलं नाक कापलं जाईल."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती जागची हलली नाही. "माझ्यावर विश्वास नका ठेवू. गाडीत जागा आहे ना? मग यांच्या आयांनाही बसवा. महाल बघतील आणि परत येतील."

"आयांना? छे, तशी परवानगी नाही," पाहुणा चाचरला आणि त्याने घाईघाईने कासरा ओढला.

आया काय ते समजल्या. त्यांनी आपापल्या लेकींना खाली ओढलं. गुराख्यांनी गाडीला वेढा घातला आणि पाहुण्याला राजाच्या शिपायांच्या हवाली केलं.

मुलगी अजून वेशीबाहेरच उभी होती. ये, असं तिला कुणीच म्हणत नव्हतं. तेवढ्यात एक म्हातारी गुराखीण भाकरी आणि तांब्या घेऊन आली.

"गाय परत आली की आपण ओवाळतो," ती कडाडली, "आणि लेक परत आली की तिची चौकशी करतो? लाजा वाटू द्या जरा!"

तिने मुलीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मुलगी तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. नाकाची काळजी करणाऱ्या म्हाताऱ्याने मान खाली घातली आणि तांब्या उचलून तिच्या हातावर पाणी घातलं.

दुसऱ्याच दिवशी ती शिपायांना वाट दाखवत परमुलखात गेली. बाहेरची कडी तिने स्वतःच्या हाताने काढली. आतून सात मुली बाहेर आल्या. गावाला पुढे निरोप धाडून ती त्यांना घेऊन परतली. त्या कोणत्या गावच्या, हे विचारायच्या आधी वेशीवर सात भाकरी तयार होत्या.

तात्पर्य : चौकशी करायची ती लेकीला नेणाऱ्याची, परत आलेल्या लेकीला आधी घरात घ्यावं.