गजराबाईंनी विचारलेला ठावठिकाणा

बेचाळीस साली, महायुद्ध ऐन भरात असताना, गजराबाईंचे मालक तात्याबा लष्करी मालगाडीचे रूळ उखडून भूमिगत झाले, ते परत आलेच नाहीत. तीस वर्षांनी गावानं एका चौकाला त्यांचं नाव दिलं. उद्घाटनाला आमदार भाऊसाहेब आले.

"आई, मीही तात्याबांसारखाच बंडखोर!" ते माईकवरून म्हणाले. "सरकारविरुद्ध मोर्चा काढला, कालच अटक झाली. हा बघा पेपरातला फोटो."

गजराबाईंनी फोटो निरखला. "पोलिसांना तुम्ही सापडलात कुठं?"

"सापडतोय कसला! वेळ, ठिकाण मीच कळवलं होतं. फोटोवाल्यांनाही. संध्याकाळी सोडलंसुद्धा."

"नशीबवान हो तुमची मंडळी," गजराबाई म्हणाल्या. "मालकांचा ठावठिकाणा सांग म्हणून पोलिसांनी मला चावडीत बेदम मारलं. मला ठाऊकच नव्हता. मला त्रास नको म्हणून मालकांनी सांगितलाच नव्हता. भाऊसाहेब, तुमची पोलिसांशी एवढी ओळख. त्यांना पुढं कधी मालकांचा ठिकाणा लागला असेल, तर मला तेवढा विचारून द्या. मला अजून जायचंय तिथं."

भाऊसाहेबांनी पेपराची घडी घालून तो खिशात कोंबला. गजराबाई मात्र उत्तराची वाट बघत त्यांच्यासमोर उभ्याच राहिल्या.