झिऱ्याचं फडकं

गढूळ पाणी कुणीतरी पाहिलं होतं, आणि पाहूनही तोंड उघडलं नाही. आमच्या कोळसऱ्याच्या तळ्याची गोष्ट माझी पारूआत्या इथूनच सुरू करते. बोटिंगला आलेली मंडळी ज्या हिरव्या टेकाडावर बसून भेळ खातात, तो कित्येक पिढ्यांचा मातीचा बांध आहे. त्याच्या पायथ्याच्या झिऱ्यातून पाणी झिरपतं. ते नितळ असेल तोवर भीती नाही. गढूळ आलं, की बांध आतून वाहून जातोय.

असं सांगतात, की बांधाची राखण एका आंधळ्या म्हाताऱ्याकडे होती. झिऱ्यावर पाणी भरायला येणाऱ्या येसाईला तो रोज सकाळी विचारी, "पोरी, कसं हाय गं पाणी?"

"नितळ हाय, आबा."

"तुझ्या जिभेवर अख्खी वाडी झोपती, बरं का!" म्हातारा हसून म्हणे.

येसाईची तीन मुलं गेली होती. चौथं जगावं म्हणून तिनं बांधावर पिंपळ लावला. पिंपळ आणि पोर बरोबरीनं वाढले. मुळं बांधात खोल शिरली, आणि त्यांच्या वाटेनं पाणीही शिरू लागलं. एके सकाळी झिऱ्याला तांबूस पाणी आलं. खरं सांगितलं तर पिंपळ तोडतील, आणि पिंपळ गेला तर पोर जाईल, असं तिच्या मनानं घेतलं.

"नितळ हाय, आबा," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी बांध फुटला. म्हातारा गेला, खालच्या वाडीतली अकरा घरं गेली, पिंपळही गेला. पोर वरच्या आळीत खेळत होतं, ते पिंपळ जाऊनही जगलं. तेच तिला सोसवेना, म्हणे.

तिनं चावडीवर येऊन सगळं कबूल केलं. बांध पुन्हा उभा राहिल्यावर नेम धरला: रोज पांढरं फडकं झिऱ्यात बुडवून चावडीपुढं वाळत घालायचं. तोंडानं काही सांगायचं नाही. गावानं आपल्या डोळ्यांनी बघायचं.

आजही घरोघरच्या पाळीनं ते वाळत पडतं. पाहुणे त्याचे फोटो काढतात. गेले नऊ दिवस ते तांबूस निघतंय. सगळ्यांनी पाहिलंय. मीही पाहिलं, आणि नववा दिवस उजाडेपर्यंत गप्पच राहिलो. शेवटी बोटक्लबात गेलो; तळ्याचा दरवाजा त्यांच्याच ताब्यात आहे. म्हटलं, बोटी बंद पडल्या तरी चालतील, तळ्याचं पाणी उतरवा, आजच.

तिकीटखिडकीतल्या हौसाक्कांनी मान वर केली नाही.

"आमचं घर पण खालच्याच वाडीत हाय रे," त्या म्हणाल्या. "पण दिवाळीची गर्दी तेवढी होऊन जाऊ दे."