येसूचा डोहाळा

एक होता नावाडी. त्याचं नाव धाकू. एकदा काय झालं, नदीकाठी होडी उपडी घालून धाकू तिला डांबर फासत होता. तेवढ्यात त्याची आई आली आणि म्हणाली, "हात धू. येसूला दिवस गेलेत."

धाकूने आधी होडी पुरी केली. मग हात धुतले. मग घरी गेला.

आता बायकोचे डोहाळे पुरवायचे राहिले तर बाळाचा कान फुटतो, बरं का. म्हणून त्याने येसूला विचारलं, "काय खावंसं वाटतं?"

"काही नाही," येसू म्हणाली.

पण तिच्या ताटात भाकरी उरायला लागली. मग धाकूने पैलतीरावरून चिंचा आणल्या. येसूने त्या शिंक्यात ठेवल्या. मग त्याने कवठ आणलं. तेही शिंक्यात गेलं. मग सात दिवस वल्हवत तो नदीच्या उगमाशी गेला आणि मध घेऊन आला. शिंकं भरलं. येसू मात्र वाळत चालली.

"आम्ही चुलीची माती खाऊन दिवस काढले," सासू म्हणाली. "ही राणी कुठली!"

धाकू होडीत जाऊन बसला. तेव्हा पाण्यातून एक म्हातारी कासवीण वर आली.

"मेल्या, तिचा डोहाळा जिभेचा नाही, कानाचा आहे. तू घाबरलायस, ते तिला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"मी कशाला घाबरू?"

"मग वल्हं उलटं का धरलंयस?"

धाकू घरी आला. वल्हं उंबऱ्याशी टेकवलं. मग म्हणाला, "येसू, मला भीती वाटते. पहिलीसारखं होईल म्हणून."

"मलाही," येसू म्हणाली. "घास उचलला की तीच आठवते."

सासू आतून ओरडली, "तिचं नाव काढू नका! पोटातलं ऐकतं."

"नाव होतंच कुठे, आत्याबाई? बारशाआधीच गेली ती."

मग येसू रडली. मग धाकू रडला. मग सासूनेही डोळ्याला पदर लावला. आणि मग येसूने शिंकं खाली घेतलं न् सगळं खाल्लं. चिंचोकेसुद्धा भाजून खाल्ले.

दिवस भरले, मुलगा झाला. कान अगदी धडधाकट. बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या, सगळी सुखाने राहिली. चला, पाय पोटाशी घ्या न् डोळे मिटा.

काय म्हणालात, पहिलीचं नाव? ते ठेवायचं राहूनच गेलं.