काहिलीला लागलेला दुसरा हात

भाविकहो, प्रवरेच्या काठी शेंडगव्हाण नावाचे लहानसे गाव होते. तिथल्या कौलारू ख्रिस्तमंदिरात एका पावसाळ्यात शांतवन महाराज मुक्कामाला राहिले. महाराजांचा सारा संसार म्हणजे एक एकतारी, एक घोंगडी आणि ओठांवर प्रभू येशूचे नाव. संध्याकाळी त्यांचे कीर्तन सुरू झाले की गावातले ख्रिस्ती नसलेले लोकही येऊन पायरीवर बसत, आणि उठताना डोळे पुसत.

मंदिराच्या दाराशी राहेलबाई बसायची. ती गावची सुईण. अडलेल्या बाईच्या उशाशी बसली की हिचा हात कधी कापायचा नाही, आवाज कधी चढायचा नाही. पण नदी दिसली की मात्र तिच्या अंगाला कापरे भरायचे. कारणही तसेच होते. तिचा नवरा याच प्रवरेने ओढून नेला होता. तेव्हापासून पलीकडे जायचे तर ती लांबच्या पुलावरून वळसा घालून जाई, भर उन्हाळ्यातही पाण्यात पाऊल टाकत नसे.

आणि सगळ्यांत पुढे, महाराजांच्या समोर, शमुवेलराव भांबळ बसायचे. गुऱ्हाळाचे मालक, ख्रिस्ती मंडळीचे पंच आणि पट्टीचे पोहणारे. भरल्या नदीतून आरपार जाऊन यायचे आणि काठावर मिशा पिळत उभे राहायचे. माणूस वाईट नव्हता हो! पण आपल्या दंडांवर त्यांचा जेवढा विश्वास, तेवढा प्रार्थनेवर नव्हता.

एका संध्याकाळी महाराजांनी कीर्तनाला प्रभू आणि त्याचे शिष्य वादळात सापडले त्या नावेची कथा घेतली. ते म्हणाले, "वादळ कसं थांबलं हे सगळे विचारतात. मी विचारतो, वादळ चालू होतं तेव्हा प्रभू कुठे होता? त्याच नावेत होता ना? मग ती नाव आधीच सुखरूप होती. शिष्यांना ते उशिरा कळलं, एवढंच."

राहेलबाईच्या डोळ्यांना धार लागली. ते पाहून शमुवेलराव मोठ्याने म्हणाले, "महाराज, शिष्य निदान नावेत तरी बसले. आमच्या राहेलला नावेत बसवायचं म्हणजे दोरखंडानं बांधावं लागंल! एवढी भक्ती करती, आन् पानी बघून लटलट कापती. मग त्या भक्तीचा उपेग काय?"

मंडळी हसली. राहेलबाईने पदर तोंडाला लावला. महाराज हसले नाहीत. त्यांनी एकतारी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "ज्याला भीती कळते, त्यालाच धीराची किंमत कळते, शमुवेलराव."

पुढे हस्ताचा पाऊस असा कोसळला की पूल पाण्याखाली गेला. सकाळच्या प्रार्थनेला मंडळी जमत होती, तोच शमुवेलराव ओलेचिंब, धापा टाकत दारात आले. त्यांची वस्ती नदीपलीकडे; तिथून ते पोहतच आले होते. थोरली लेक सुवार्ता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

"राहेल, चल! पोरगी पहाटेपासून अडलीय. मूल आडवं आलंय. तू न्हाई आलीस तर दोन्ही जीव जातील गं!"

राहेलबाई ताडकन उठली. दारातून तिला ती लालभडक, फुगलेली नदी दिसली, आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. "दादा, मला न्हाई जमायचं हो..."

गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची भलीमोठी काहील असते. पूर आला की नदीकाठचे लोक तिचीच नाव करतात. माणूस आत बसतो आणि दोन पोहणारे समोरासमोर कडा धरून ती ढकलत नेतात. नियम एकच, आत बसलेल्याने हलायचे नाही. कापणारा माणूस काहील पालथी करतो. राहेलबाईला हे चांगले ठाऊक होते, आणि म्हणूनच तिचा धीर सुटला होता. आपल्या थरथरीनेच आपण बुडणार, आणि ती पोरही आपल्यापायी जाणार!

महाराज तिच्याजवळ जमिनीवर बसले. "बाळे, भीती जाईपर्यंत थांबू नकोस. ती राहू दे. प्रभू काहिलीत बसलाय असं समज, आणि त्याच्या शेजारी जाऊन बस."

राहेलबाईने डोळे मिटून प्रभूचे नाव घेतले. मग ती उठली.

शमुवेलरावांच्या अलीकडच्या गुऱ्हाळातली काहील आणून काठावर पाण्यात उतरवली. दुसऱ्या बाजूला लागायला गावातला एक गडी पुढे आला, तर शमुवेलरावांनी त्याला मागे सारले. "तू मधीच गळाठलास तर तुलाबी मलाच वढावं लागंल. मी एकटा बास हाय."

महाराज म्हणाले, "हे एकट्याचं काम नाही, शमुवेलराव. दुसरा हात लागेल."

"कोण येनार हाय महाराज, या पुरात?"

"येईल," एवढेच महाराज म्हणाले, आणि कमरेइतक्या पाण्यात हात जोडून उभे राहिले.

अर्ध्या नदीपर्यंत शमुवेलरावांनी काहील नेटाने नेली. पुढे भोवरा होता. काहील गरगर फिरू लागली. एकाच बाजूने ढकलून ती सावरेना. दंड भरून आले, नाकातोंडात पाणी गेले, आणि जन्मात पहिल्यांदा शमुवेलराव घाबरले. त्यांनी कडेवर छाती टाकून वर चढायची धडपड केली. काहील तिरकी झाली. काठावरच्या बाया किंचाळल्या.

राहेलबाई हलली नाही. मिटलेले डोळे न उघडता तिने फक्त हात पुढे केला, चाचपडून त्यांचे मनगट धरले, आणि अडलेल्या बाईशी बोलावे तशा आवाजात म्हणाली, "दादा, वर चढू नका. श्वास घ्या. हळू. धीर सोडू नका, प्रभू हाय."

शमुवेलराव लहान मुलासारखे तिच्या हाताला धरून राहिले. आणि तेवढ्यात काहील फिरायची थांबली! पलीकडच्या कडेला कोणीतरी जोर लावावा तशी ती भोवऱ्यातून बाहेर निघाली आणि सरळ रेषेत पैलतीराला लागली. शमुवेलराव काहिलीला नुसते लोंबकळत होते.

दुपारी सुवार्ताला मुलगी झाली. मायलेकी सुखरूप होत्या. प्रभूची स्तुती असो!

पूर ओसरल्यावर शमुवेलराव मंदिरात आले. आल्या आल्या त्यांनी त्या दिवशी काठावर असलेल्या लोकांना विचारले, "माझ्या समोरच्या बाजूला कोण पोहत होतं?"

लोक म्हणाले, "कोनी नव्हतं पंच. तुम्ही एकलेच होता."

शमुवेलरावांनी महाराजांचे पाय धरले. महाराजांनी त्यांना उठवले आणि दाराकडे पाहिले. "मी काठावर होतो. तिला विचारा."

शमुवेलराव राहेलबाईपुढे गेले. "तुला दिसला का गं तो?"

"न्हाई दादा. माझे डोळे मिटलेले व्हते." मग ती स्वतःशीच बोलावे तशी म्हणाली, "पन मी कापले न्हाई. म्हंजे व्हता."

सगळी मंडळी बघत असताना शमुवेलरावांनी त्या सुईणीच्या पायांवर डोके ठेवले. राहेलबाई ओशाळून मागे सरकली. त्या दिवशी महाराजांनी एकतारी हाती घेतली तेव्हा पुढची जागा रिकामी होती. शमुवेलराव दाराशी, राहेलबाईच्या मागे बसले होते.