नदी पिणाऱ्या राक्षसाचं तोंड

"मगे पोरां रडली काय?" सोमातात्यांनी विचारलं.

"रडली? नाही... रडतील कशाला?"

"हसली?"

"हसली असं नाही म्हणता येणार. शांत बसली होती. शेवटी टाळ्या वाजवल्या."

"हं... टाळ्या."

तात्या पुन्हा सुपारी कातरू लागले.

शर्वाणी टिपणीसला तो 'हं' लागला. सकाळी गावच्या शाळेत तिनं आपलं चित्रपुस्तक मुलांना दाखवलं होतं. हेडमास्तरांनी हार घातला होता. मुलं हाताची घडी घालून बसली होती, एकाचीही मांडी हलली नव्हती. सगळं संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, तुमी सोमातात्यांचो राक्षस बघितलात?"

पुस्तकाबद्दल तिनं एक शब्दही विचारला नव्हता.

म्हणून शर्वाणी इथं आली होती. कुडाळच्या अलीकडची ही वाडी, सारवलेलं अंगण, आणि ऐंशी ओलांडलेला हा म्हातारा. चित्रकथी. बापजाद्यांपासून कागदावरची चित्रं दाखवून गोष्टी सांगणारं घराणं.

"तात्या, तुम्हांला कदाचित कोणी सांगितलं नसेल," ती म्हणाली, "पण या पुस्तकाला जागतिक पुरस्कार आहे. एक्केचाळीस देशांतून पुस्तकं आली होती."

"असा?"

"त्यातून हे एक निवडलं."

"कोणी निवडल्यान?"

"परीक्षक होते. सातजण. या विषयातली फार मोठी माणसं."

"तेंची वया किती?"

"वयं?... असतील पन्नास, साठ."

तात्यांनी मान हलवली.

शर्वाणीनं पिशवीतून पुस्तक काढलं. बटरपेपरच्या दोन घड्या उलगडल्या. खंड्या पक्ष्याची गोष्ट होती ती. पिल्लू पहिल्यांदा पाण्यात सूर मारतं, एवढीच. पण खंड्याचं एकेक पीस तिनं वेगळं रंगवलं होतं. निळ्याच्या तीस छटा. चार वर्षं. परीक्षकांनी लिहिलं होतं की इथं प्रत्येक पिसाला स्वतःचा उजेड आहे.

तात्यांनी हात पुढे केला.

ती क्षणभर घुटमळली. "तात्या... हात जरा..."

"व्हय व्हय. धुवन येतंय."

म्हातारा उठला, पडवीच्या कोपऱ्यातल्या कळशीतलं पाणी घेऊन हात धुतले, पंच्याला पुसले. शर्वाणीला ओशाळल्यासारखं झालं. पण पुस्तक तिनं ते हात पुरते कोरडे झाल्यावरच दिलं.

तात्यांनी सावकाश एकेक पान पाहिलं. कुठल्याच पानावर घाई केली नाही. शेवटचं पान मिटलं आणि पुस्तक दोन्ही हातांनी परत केलं.

"माणसान रंगवल्यासारख्या नाय, देवान रंगवल्यासारख्या रंगवलंस," ते म्हणाले. "खंड्यो तर उडान जायत असा वाटता."

शर्वाणीचा चेहरा उजळला.

"आणि एकव डाग नाय हेका," तात्या म्हणाले.

ते कौतुक होतं की काय, ते तिला कळलं नाही.

तिनं पुस्तक पुन्हा बटरपेपरात गुंडाळलं. मग जे कोणालाच सांगितलं नव्हतं, ते या अनोळखी म्हाताऱ्याला सांगून बसली.

"तात्या, पुरस्कार मिळून दोन वर्षं झाली. तेव्हापासून एक पान पुरं झालेलं नाही. काढते आणि फाडते. पिसं अजून बारीक काढता येतील असं वाटतं. काढते. मग तेही मेलेलं वाटतं... तुम्ही चित्रं काढता. काय चुकतंय माझं? मला शिकवा."

तात्यांनी उन्हाकडं पाहिलं.

"चार वाजाक इले. पोरां येतली. तू बस."

"आणि शिकवायचं?"

"बस मगो."

मुलं आली. कोणी दप्तरासकट, कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन. सकाळी शाळेत होती तीच ही मुलं. पण आता कोणाची हाताची घडी नव्हती. ती एकमेकांच्या मांडीवर, पाठीवर, जिथं जागा मिळेल तिथं बसली. पहिल्या रांगेतली ती मुलगीही होती. तिचे पुढचे दोन दात पडले होते.

तात्यांची सून चंद्रकला टाळ घेऊन बसली. तात्यांनी लाल फडक्यातली पोथी सोडली. पोथी म्हणजे सुट्या पानांची चवड. चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एका पानाला दोन बाजूंनी दोन चित्रं.

"तू माझ्या पाठी बस," तात्या शर्वाणीला म्हणाले.

"मागून चित्र कसं दिसेल?"

"नाय दिसाचा."

ती मागं बसली.

टाळ वाजला. तात्यांनी पहिलं पान उभं धरलं आणि त्यांचा आवाज बदलला. ऐंशी वर्षांचा खरखरीत आवाज गेला कुठं कोण जाणे. आतून दुसराच कोणी तरी बोलू लागला.

एक गाव होतं. गावाला एक नदी होती. एके सकाळी बायका पाणी भरायला गेल्या तर नदी नव्हती. नुसते गोटे. गोट्यांवर मासे तडफडत होते. डोंगरापलीकडून एक राक्षस आला होता आणि त्यानं तोंड लावून सगळी नदी पिऊन टाकली होती...

शर्वाणीला पानाची पाठ दिसत होती. तिच्यावर भलतंच चित्र होतं, कुठल्याशा म्हातारीचं. म्हणून ती मुलांकडं पाहू लागली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

तिनं आजवर शेकडो शाळांत पुस्तक दाखवलं होतं. पण दाखवताना ती नेहमी पानाकडं पाहत असे. रंग नीट दिसतायत ना, पान वाकडं तर झालं नाही ना, याच्याकडं. मुलांचे चेहरे असे समोरून तिनं कधी पाहिलेच नव्हते.

मासे तडफडले तेव्हा एका पोराचं तोंड उघडं राहिलं. ते मिटायचं तो विसरूनच गेला.

गावानं राक्षसाकडं एकेक माणूस पाठवला. एकही परत आला नाही. मग घरातली थोडी थोडी माणसं कमी होऊ लागली, चुली थंड पडल्या. कडेवरचं बाळ आपली मूठ तोंडात घालून स्तब्ध झालं.

शेवटी एक म्हातारी उठली. म्हणाली, मी जाते. माझी घागर घेऊन जाते.

ती डोंगर चढली. वर पोचली. आणि तिला तो दिसला...

तात्यांनी पान बदललं.

अंगणातली सगळी मुलं एकदम मागं सरली. जणू वाऱ्याची लाट आली आणि शेत वाकलं. कोणी तरी किंचाळलं. दोघींनी एकमेकींना घट्ट धरलं. दात पडलेल्या मुलीनं डोळ्यांवर हात ठेवले, आणि बोटांच्या फटीतून पाहत राहिली. तिच्या मानेवरची शीर उडताना शर्वाणीला दिसली.

शर्वाणीच्या अंगावर काटा आला.

काय काढलं असेल या माणसानं? कसला चेहरा? कुठला रंग? तिला मत्सर वाटला. पण मत्सरापेक्षाही मोठं काही तरी त्याच्या मागं उभं होतं. भीती म्हणावी, तर तसंही नाही. देवळाच्या गाभाऱ्यात अचानक दिवा विझावा, तसं काही तरी.

तिला राहवलं नाही. ती हळूच उठली, भिंतीच्या कडेनं, कोणाच्या ध्यानात येणार नाही अशी पुढं आली, मुलांच्या मागं जाऊन उभी राहिली.

आणि तिनं चित्र पाहिलं.

राक्षसाचं धड होतं. काजळीनं काढलेले थोराड खांदे, गुडघ्यापर्यंतचे हात, तांबड्या कावेनं रंगवलेलं धोतर. पायाशी नदीची एक सुकलेली रेघ.

चेहरा नव्हता.

मानेच्या वर नुसता कागद. पुसून पुसून विरलेला, तंतू निघालेला, पिवळा पडलेला कोरा कागद. एक ठिपका नाही. रेघ नाही.

आणि समोर चाळीस मुलं त्या कोऱ्या जागेकडं पाहून थरथरत होती.

शर्वाणीचे हात आपोआप जोडले गेले. ते कशाला, हे तिला पुढंही कधी सांगता आलं नाही. त्या अंगणाबद्दल ती जेव्हा जेव्हा बोलली तेव्हा इथवर येऊन थांबायची, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की बाई पुढचं विसरली.

गोष्ट पुढं गेली. म्हातारीनं राक्षसाला सांगितलं, तू एवढी नदी प्यालास पण माझी घागर काही तुला पिता यायची नाही. तो हसला आणि त्यानं हसायला तोंड उघडलं. तेवढं पुरलं. नदी बाहेर आली.

"मारा तेका!" तात्या ओरडले.

मुलं उठली, धावली. रीतच होती तशी. एकेकानं पुढं येऊन राक्षसाच्या तोंडावर तळहातानं थाप मारली. धुळीचे हात, कैरीचे चिकट हात, शेंबूड पुसलेले हात. कडेवरच्या बाळाचा हातही त्याच्या ताईनं धरून लावला. तात्या पान घट्ट धरून बसले होते. तीन पिढ्यांच्या पोरांनी असंच मारून मारून तो चेहरा पुसून टाकला होता.

टाळ थांबला.

शर्वाणी दात पडलेल्या मुलीपाशी खाली बसली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"काय गं... त्याचे डोळे कसे होते?"

मुलगी सांगणार, तोच शेजारचा पोरगा ओरडला, "लाल! कवड्येएवढे लाल!"

"खोटा!" दुसरा म्हणाला. "एकच डोळो होतो. हय, कपाळार."

"तुमका काय एक दिसाक नाय," मुलगी म्हणाली. मग शर्वाणीच्या कानाशी येऊन कुजबुजली, "तेका डोळेच नायत, बाई. तो वासान शोधता."

शर्वाणीनं पुन्हा त्या कोऱ्या जागेकडं पाहिलं.

मुलं भांडत राहिली. लाल, एक, नाहीत. कोणीच हटेना.

ती तात्यांकडं गेली. जन्मभराची सवय अशी सुटते थोडीच? विरलेला कागद दिसला की तिच्या बोटांना चैन पडत नसे.

"तात्या, हे पान फाटेल आता. कागद पार गेलाय. मी... मी भरून देऊ का चेहरा? तुमच्याच रंगांत. तुमच्याच रेषेत. कोणाला फरक कळणार नाही."

चंद्रकलेनं सासऱ्याकडं चमकून पाहिलं.

तात्या मात्र लगेच उठले. आतून काजळीची करवंटी आणली. कुंचला आणला. पान पाटावर आडवं ठेवलं आणि कुंचला तिच्या हातात दिला.

"भर."

एवढंच.

शर्वाणी मांडी घालून बसली. भांडण थांबलं. मुलं पाटाभोवती गोळा झाली आणि एकदम चिडीचूप झाली.

तिनं कुंचला बुडवला, करवंटीच्या काठाला निथळला. हात कागदावर नेला.

पहिला ठिपका कुठं द्यायचा?

डोळ्याच्या जागी? मग तो एकाचा डोळा झाला. कपाळावर? मग तो दुसऱ्याचा. आणि ती? ती जी कानाशी येऊन बोलली, तिचा राक्षस कुठं जाईल?

तिनं मुलांकडं पाहिलं. कोणी 'नको' म्हणत नव्हतं. पाहुण्या बाईला 'नको' म्हणायचं नसतं, हे सकाळच्या शाळेनं त्यांना शिकवलं होतं. ती फक्त कुंचल्याच्या टोकाकडं बघत होती. दात पडलेल्या मुलीनं ओठ आत घेतले होते.

खंड्याच्या पिसांवरून चार वर्षं न अडखळता फिरलेला कुंचला कागदावर टेकेना.

"रंग सुकता, बाय," तात्या हळूच म्हणाले.

कुंचल्याच्या टोकाशी थेंब जमला. मोठा झाला. पडणार...

शर्वाणीनं हात झटक्यात मागं घेतला. थेंब तिच्या ओढणीवर पडला आणि पसरला.

तिनं कुंचला करवंटीत ठेवला. दोन्ही तळवे जमिनीवर टेकले आणि वाकून त्या पानाकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. बराच वेळ.

मुलं आता तिच्या चेहऱ्याकडं पाहू लागली. मागं परड्यात कोंबडी कुरकुरली.

आणि त्या पिवळ्या, विरलेल्या कागदातून हळूहळू कोणी तरी तिच्याकडं पाहू लागलं. ते काय होतं, ते तिनं कोणाला सांगितलं नाही. पण ती मागं सरली. मघाशी मुलं सरली होती, अगदी तशीच.

दात पडलेली मुलगी खुदकन हसली. "बाईंका दिसलो!"

शर्वाणीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती हसतही होती. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला घरी जाऊन कागद समोर घ्यावासा वाटत होता. पण आत्ता उठवत नव्हतं.

तात्यांनी पान उचललं, चवडीत ठेवलं, लाल फडकं बांधू लागले.

"तात्या," ती म्हणाली, "हे चित्र कोणी काढलं होतं?"

"माझ्या आज्यान."

"म्हणजे तुम्ही लहान असताना चेहरा शाबूत असेल. पुसला नसेल अजून."

"व्हय. होतो."

"पुरा होता?"

"पुरो."

ती पुढं वाकली. "कसा होता तो?"

तात्यांनी फडक्याची गाठ मारली. ती नीट बसली का ते ओढून पाहिलं. मग म्हणाले,

"ता माका काय म्हायत? मी तेव्हा पोरांत बसललंय. माका माझोच दिसलो."