काटे शेजारणीने तोडायचे

अशा मध्ये उभ्या राहू नका. चिल्हारीची फांदी उलटून येते आणि तिचा आकडा साडीत शिरला की फाडल्याशिवाय सोडत नाही. त्या गडग्यावर बसा, दगड तापलेला नाही अजून. आणि हे घरामागचं परडं माझं समजू नका. माझं पलीकडचं, जिथून कोयत्याचा आवाज येतोय ते. तिथे आमची शेजारीण शालन माझे काटे तोडतेय आणि मी इथे तिचे. देवळाकडून चालत आलात ना, मग पाहिलंच असेल, आज सगळी बोरसई दुसऱ्याच्या परड्यात आहे. वेणाईच्या जत्रेआधी आमच्याकडे हे असंच असतं. आपल्या परड्यातली जाळी आपण तोडायची नाही, शेजारणीने तोडायची. गडी लावायचा नाही, पुरुषांनी हात लावायचा नाही.

का, ते सांगते. हात मात्र चालू ठेवणार, ऊन चढायच्या आत संपवायचंय मला.

फार जुनी गोष्ट आहे. शालनचं आणि माझं परडं तेव्हा एकाच घरातलं होतं म्हणे, दोन भावांच्या वाटणीचं, आणि मध्ये हाच गडगा. भाऊ दोघेही गलबतावर, वर्षातून कधीतरी घरी यायचे. मागे राज्य दोन जावांचं. थोरली सगुणा, धाकटी मथुरा. सगुणाच्या वाटणीत मोगरा होता. जत्रेला वेणाईच्या डोक्यात पहिली वेणी चढायची ती सगुणाच्या मोगऱ्याची, आणि ती चढल्याशिवाय पालखी उठत नसे. अजूनही उठत नाही. त्या एका सकाळी सगळा गाव देवळासमोर सगुणाची वाट बघत ताटकळायचा, आणि ती मुद्दाम सावकाश चालत यायची, असं सांगतात. मला ते खरं वाटतं. मीही तशीच आले असते.

मग मथुरा लग्न होऊन आली. येताना तिने आईच्या हातचं अबोलीचं रोप आणलं, ओल्या फडक्यात गुंडाळून. एका रोपाची बघता बघता रांग झाली, रांगेचा वाफा झाला. लोक म्हणायला लागले, अबोली काय फुललीय, यंदा देवीला विचारून तरी बघा. म्हणून गुरवाने कौल लावला. देवीच्या एका खांद्यावर मोगरा, दुसऱ्यावर अबोली, दोन्ही फुलं पाण्याने चिकटवलेली. ज्याचं फूल आधी पडेल त्याची वेणी. अबोली पडली. पुढच्या वर्षीही अबोलीच पडली.

सगुणाचा जळफळाट झाला. दुसरं काय होणार? मथुरेने तिचं काही वाकडं केलं असतं तरी बरं, निदान भांडता आलं असतं. पण ती पोर आपली वाकून नमस्कार करायची, पहिलं फूल जाऊबाईंनाच आणून द्यायची. सगुणा ते केसांत माळायची आणि घरात जाऊन चुरगळायची म्हणे.

पावसाच्या तोंडावर मथुरा बाळंतपणाला माहेरी निघाली. निघताना म्हणाली, "जाऊबाई, माझ्या अबोलीकडे बघाल ना?"

"बघेन हो," सगुणा म्हणाली.

आणि त्याच आठवड्यात ती रानात गेली, चिल्हारीच्या बिया ओटीत भरून आणल्या आणि कोणी बघत नाही असं पाहून गडग्यावरून पलीकडे टाकल्या.

मथुरेला बाळ झालं, पण आई अंथरुणाला खिळली. ती आईजवळच राहिली आणि आई गेल्यावरच परतली, तेव्हा जत्रा तोंडावर आली होती. परड्यात पाऊल टाकायला जागा नव्हती. माणसाच्या डोक्यावर गेलेली जाळी, सगळी एकात एक गुंतलेली. आईची तेवढीच खूण उरली होती आणि ती जाळीखाली गेली होती. मथुरा गडग्याला टेकून रडली. सगुणाही शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. बघा किती पक्की बाई.

जत्रेची सकाळ आली. आता एकच वेणी, सगुणाची. गुरवाने रीत म्हणून मोगऱ्याचं फूल देवीच्या खांद्यावर लावलं. ते पडेना. सूर्य माथ्यावर आला, फूल सुकलं, पण जागचं हललं नाही. पालखी अडली. शेवटी गुरवाच्या अंगात वारं आलं आणि देवी बोलली, "माझी वेणी जाळीत अडकली आहे. ती आणा."

सगळा गाव कोयते घेऊन मथुरेच्या परड्यात लोटला. पण चिल्हार तुटेना. कोयते बोथट झाले, हात रक्ताने भरले, फांदी जिथल्या तिथे. सगळ्यांत पुढे मथुरा, आणि बायका हळहळत होत्या, कोणी तिच्या बाळाला घेतलंय, कोणी तिला पाणी देतंय. सगुणा गडग्याशी उभी राहून बघत होती. तिला वाटलं, फुलांचं कौतुक हिचं आणि आता काट्यांचंही हिचंच. देवीने मागितलेली वेणी मी आणली तर? ती तशीच गडगा चढून आत उतरली आणि कोयता हाणला.

एका घावात फांदी पडली. दुसऱ्या घावात दुसरी. बघता बघता तिच्यापुढे वाट झाली आणि मागचे लोक आपले कोयते खाली टाकून तिच्याकडे बघायला लागले. तेव्हा सगुणाच्या ध्यानात आलं. ज्याने काटा पेरला त्याच्याच हाताला तो वश होत होता, आणि पडणारी प्रत्येक फांदी तिचं नाव घेत होती. थांबली असती तर अजूनही काहीतरी सारवासारव करता आली असती. म्हणाली असती, हात दुखला. पण थांबलं तर अबोली आतच राहणार, देवी विनावेणीची राहणार. ती थांबली नाही. मान खाली घालून तोडत राहिली, सगळ्या गावासमोर.

मध्यावर एकच रोप जगलं होतं, तुरा फुललेला. सगुणाने तो खुडला नाही. वळून मथुरेला हाक मारली, "ये ग. तुझं आहे, तूच खुड. मला तुझा हेवा वाटला. आजही वाटतोय."

मथुरेने लगेच फुलं खुडली नाहीत. ती गडगा ओलांडून सगुणाच्या वाटणीत गेली. तिथे मोगऱ्याच्या मुळाशी एक काटेरी बोराटी होती. मथुरा आली तेव्हापासून सगुणाने ती कितीदा खणली, जाळली, पण ती पुन्हा वर यायची आणि मोगरा खायची. मथुरा खाली बसली, दोन्ही हातांनी बुंधा धरला आणि ओढला. बोराटी मुळासकट हातात आली.

"तुमच्या मोगऱ्याचा वास माझ्या घरात यायचा, जाऊबाई," ती म्हणाली, "तेव्हा मी खिडकी लावून घ्यायचे."

मग दोघींनी मिळून वेणी ओवली, मोगरा आणि अबोली एकाआड एक, आणि पालखी उठली. तेव्हापासून देवीने नेम घालून दिला असं सांगतात. काटे शेजारणीने तोडायचे. आणि जाळी फार सहज निघाली, तर बघणारीने दुसरीकडे बघायचं, विचारायचं नाही.

आजही वेणाईची वेणी तशीच ओवतात, उद्या बघालच. आणि आजही सगळ्या गावाचे काटे असेच निघतात. ही शालनची अबोली बघा, हिला ना खत, ना निगा, तरी कशी फुलते कोण जाणे. माझ्याकडे शेण घालून घालून थकले मी. थांबा, एवढी शेवटची जाळी राहिलीय कोपऱ्यात. चांगली दाट आहे, वेळ लागेल हिला.

अगबाई, निघालीसुद्धा.

तिकडे बघा जरा. आमच्या देवळाचा कळस इथून फार छान दिसतो.

ऐकताय ना? शालनचा कोयता अजून चालूच आहे. सकाळपासून माझ्या परड्यात घाव घालतेय बाई, आणि एक फांदी पडल्याचा आवाज नाही. दर वर्षी असंच. एवढी वर्षं शेजार आहे आमचा, पण माझं असं एकही झाड नसेल का, जे तिच्या डोळ्यांत खुपावं?